दिंद्रुड ते विद्यापीठ : सहा कागदांचा प्रवास

मुलांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. मराठवाड्यात बीड जिल्हा शोधा. त्यात माजलगाव सापडलं, की तिथून दक्षिणेकडं, परळी वैजनाथच्या बाजूला बोट सरकवा. वाटेत तेलगाव लागेल आणि मग आमचं दिंद्रुड. तुमच्या नकाशात हे नाव असेलच असं नाही. नसेल तर पेन्सिलीनं एक ठिपका द्या. आजची सहल त्या ठिपक्यापासून सुरू करायची आहे.

दिंद्रुड हे माजलगाव तालुक्यातलं गाव. जमीन काळी. पावसाळ्यात चपलेला चिखलाचे गोळे बांधणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. शेतात कापूस, सोयाबीन, ज्वारी, आणि पाणी असेल तिथं ऊस. या उसाशी आमच्या भागाचं नातं दुहेरी आहे. काहींच्या रानात तो पिकतो, आणि बीड जिल्ह्यातली हजारो माणसं दुसऱ्यांच्या रानातला ऊस तोडायला दरवर्षी घर सोडतात. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. फडाजवळ कोपी उभी करायची आणि पाच-सहा महिने तिथंच राहायचं. मग लेकरांचं काय? काही आईबापाबरोबर जातात आणि त्यांची शाळा तुटते. काही आजी-आजोबांजवळ मागं राहतात. अशा मुलांसाठी आमच्या जिल्ह्यात हंगामी वसतिगृहंही चालवली जातात.

म्हणजे आपली माणसं दूर असताना कसं राहायचं, हा धडा इथल्या लेकरांना फार लवकर गिरवावा लागतो.

मी इथं प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक लांबलचक चित्र लावलेलं आहे. चित्रकलेचे सहा मोठे कागद खळीनं एकापुढं एक चिकटवून केलेलं. ते काढलंय आमच्याच शाळेच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं. वर्गातली मुलं तिला ताई म्हणतात, आपणही तसंच म्हणू. चौथीपर्यंत ती माझ्या हाताखाली होती. पुढं माजलगावला रोज एसटीनं ये-जा करून तिनं बी.एस्सी. केलं आणि वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायला ती छत्रपती संभाजीनगरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात गेली. पहिलं वर्ष संपल्यावर मे महिन्यात आली, ती काखेत ही गुंडाळी घेऊनच.

"मॅडम, हे माझं पहिलं वर्ष आहे. वर्गात लावता का?" एवढंच म्हणाली.

चित्र डावीकडून उजवीकडं वाचायचं. पहिल्या कागदावर घर, दारात आजी, अंगणात लिंबाचं झाड आणि झाडाएवढी उंच एक मुलगी. दुसऱ्यावर लाल एसटी, खिडकीत तीच मुलगी, पण आता लहान. तिसरा कागद सगळा निळा, म्हणजे नदी. चौथ्यावर एक भलीमोठी कमान आणि तिच्याखाली मुंगीएवढी मुलगी. पाचव्यावर एक खोली. खोलीत चौघीजणी पाठीला पाठ लावून बसलेल्या, आणि कोपऱ्यात भरलेल्या पिशवीवर बसलेली पुन्हा तीच. सहाव्या कागदावर डोंगर, डोंगरावर रानझाडं, आणि मुलगी परत पहिल्याएवढी उंच. साऱ्या चित्राला खालून-वरून पांढऱ्या ठिपक्यांची किनार आहे.

"मॅडम, ह्या समद्या ताईच हायत का?" पहिल्याच दिवशी एकानं विचारलं. मग मोजणी सुरू झाली. कुणी नऊ म्हणालं, कुणी दहा. शेवटी अकरावी सापडली, पाचव्या कागदावर खिडकीच्या काचेत, नुसते डोळे.

दसरा झाला आणि गावात टोळ्यांची बोलणी सुरू झाली. तेव्हा तिसरीतल्या एका मुलीनं मला मधल्या सुट्टीत गाठलं. पाचव्या कागदावर बोट ठेवून ती म्हणाली, "ताईनं पिशवी भरली व्हती. मग माघारी काहून नाही आली?" तिचे आईवडील यंदा तिला पहिल्यांदाच मागं ठेवून जाणार होते. प्रश्न ताईबद्दल होता, पण काळजी तिला स्वतःची होती, हे माझ्या लक्षात आलं. असल्या प्रश्नाला मनानं रचलेलं उत्तर देऊ नये. "विचारून येते," मी म्हटलं आणि जोडून सुट्टी आली तशी निघाले. चित्राचे फोटो बरोबर होते. म्हटलं, ताईनं काढलेली वाट आपणही एकदा डोळ्यांनी बघावी.

सकाळची एसटी. महिलांना २०२३ साली अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली, तेव्हापासून आमच्या गाड्यांत बायकांची गर्दी वाढली आहे. कुणी माहेरी, कुणी दवाखान्याला, कुणी कॉलेजला. तेलगावला साखर कारखान्याची चिमणी दिसली. हंगाम सुरू व्हायचा होता, त्यामुळं धूर नव्हता. मग माजलगाव. इथं सिंदफणा नदीवर मोठं धरण आहे. गंमत अशी, की या धरणात नुसतं सिंदफणेचं पाणी नसतं. पैठणच्या जायकवाडी धरणातून निघालेला उजवा कालवा गोदावरीचं पाणीही इथं आणून सोडतो.

माजलगावहून गढी, मग गेवराई आणि पुढं शहागडचा गोदावरीवरचा पूल. गोदावरी ही इथली जिल्ह्याची हद्द. अलीकडं बीड, पलीकडं जालना. पुलावर गाडी चढली तसा मी तिसऱ्या कागदाचा फोटो काढून बघितला. ताईनं नदी खरीपेक्षा कितीतरी रुंद काढली होती, अख्खा एक कागद भरून. आणि त्या निळ्यातून एक बारीक निळी रेघ निघून मागं, पहिल्या कागदावरच्या घरापर्यंत गेलेली होती. इतके दिवस ती रेघ आम्हाला चुकून पडलेल्या रंगाचा ओघळ वाटायची.

पाचोड, आडूळ मागं टाकत गाडी शहरात पोचली, तेव्हा निघून चार-साडेचार तास झाले होते. बसस्थानकावरून रिक्षानं नागसेनवनाच्या बाजूनं विद्यापीठाकडं गेले.

मुलांनो, या विद्यापीठाची थोडी हकिकत सांगायला हवी. मराठवाडा पूर्वी निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. आपल्याकडं विद्यापीठ नव्हतंच. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८ साली सुरू झालेलं, आणि तिथं शिक्षण उर्दूतून. आपल्या खेड्यातल्या पोराला आधी गाव परकं व्हायचं, मग भाषाही परकी. मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं कॉलेज सुरू केलं. तेच मिलिंद महाविद्यालय. ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशी मुलं तिथं येऊन राहिली आणि शिकली. पुढं २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. उद्घाटनाला पंतप्रधान पंडित नेहरू आले होते. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून लोकांनी बरीच वर्षं लढा दिला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी लांबलांबून माणसं येतात आणि विद्यापीठाच्या कमानीपुढं माथा टेकतात.

चौथ्या कागदावरची भलीमोठी कमान हीच. प्रत्यक्षात ती चित्राएवढी अवाढव्य नाही. पण पहिल्या दिवशी पत्र्याची पेटी हातात धरून तिच्याखाली उभं राहणाऱ्याला ती केवढी दिसत असेल, ते ताईनं काढलं आहे. म्हणजे चित्र खोटं नाही. मोजपट्टी डोळ्यांची नाही, मनाची आहे.

आत शिरलं की दोन्ही बाजूंना झाडं, वेगवेगळ्या विभागांच्या इमारती, आणि मागं डोंगराची रांग. त्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत, पायथ्याजवळ सोनेरी महाल आहे. ताई वनस्पतिशास्त्र विभागाबाहेर माझी वाटच बघत होती. आम्ही एका लिंबाखाली बसलो. मी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तिच्या आजीनं दिलेली खारी बुंदी पुढं ठेवली. खाता खाता मी वर्गातला प्रश्न तिच्यापुढं मांडला.

ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, पिशवी एकदा नाही, तीनदा भरली होती."

शहरात भाड्याची एक खोली, त्यात चौघी. चार जिल्ह्यांतल्या. जेवायला मेसचा डबा. पुस्तकं सगळी इंग्रजीत. माजलगावलाही इंग्रजी होतं, पण संध्याकाळी घर होतं. इथं संध्याकाळ झाली की काय करायचं कळायचं नाही. एका दुकानात ती "हे केवढ्याला हाय?" म्हणाली, तर शेजारी उभं असलेलं कुणीतरी हसलं. तेव्हापासून ती कमी बोलायला लागली. दर शनिवारी गावी पळायची. दोन दिवस आजीजवळ, सोमवारी पहाटे परत. तिकिटाला पैसे लागायचे, अभ्यास मागं पडायचा आणि खोलीतल्या मुलींशी ओळखही होईना.

"मग?"

"मग काही मोठं झालं नाही, मॅडम. एका सोमवारी झाडं बघायला सरांनी आम्हाला मागच्या डोंगरावर नेलं. पावसाळा नुकता संपला होता. सर एकेक रानझाड दाखवायचे आणि नाव विचारायचे. पुस्तकातली नावं मलाही पाठ नव्हती. पण झाडं सगळी ओळखीची निघाली की! कुर्डू, आघाडा, टाकळा, तरवड, एकदांडी. आजीबरोबर बांधावर फिरताना बघितलेली. मी हळूच नाव सांगितलं. सर म्हणाले, मोठ्यानं सांग. कुर्डूची भाजी कशी करतात, आघाडा कुठल्या पूजेला लागतो, टाकळा कधी उगवतो, सगळं विचारलं. आणि मग एकेकाचं शास्त्रीय नाव सांगितलं. कुर्डूला सेलोशिया अर्जेंटिया. त्या दिवशी ते नाव एका फटक्यात पाठ झालं, कारण ज्याचं नाव होतं ते आधीच ओळखीचं होतं."

सहाव्या कागदावरची रानझाडं म्हणजे हीच. आम्ही वर्गात त्यांना नुसतं गवत समजत होतो.

"आणि ही किनार?" मी विचारलं.

यावर ती हसली. "ते चिंचोके आहेत."

ताईचे आईवडीलही ऊसतोडीला जायचे. ती लहान असताना आजीनं तिला एक पत्र्याचा डबा दिला होता. रोज रात्री त्यात एक चिंचोका टाकायचा. डबा गळ्यापर्यंत आला, की आई येणार. रडत बसण्यापेक्षा लेकराच्या हाताला रोजचं एक काम दिलं आजीनं. खोलीवर राहायला आल्यावर ताईनं तसंच करून बघितलं. दिवाळीला किती दिवस राहिले ते मोजलं. पण यावेळी जमेना. दिवस मोजले की ते जास्तच लांब वाटायचे. मग डोंगरावरच्या त्या सोमवारी रात्री तिनं मोजायची वस्तूच बदलली. किती दिवस उरले ते नाही, आज ओळखीचं काय झालं ते मोजायचं. कालपर्यंत परकी असलेली एक जरी गोष्ट आज ओळखीची झाली, तर चुन्याचा एक ठिपका द्यायचा. मेसच्या मावशींचं नाव कळलं, एक ठिपका. ग्रंथालयात पुस्तक कसं शोधायचं ते समजलं, एक ठिपका. खोलीतल्या परभणीच्या मुलीलाही रात्री रडू येतं हे कळलं, त्याचाही एक ठिपका.

"डोंगरावरच्या दिवसाचे किती?"

"नऊ!"

किनार पहिल्या कागदावर विरळ आहे आणि सहाव्यावर इतकी दाट, की ठिपक्यांना जागा पुरलेली नाही. आम्ही चार महिने ती बघत होतो. आता ती वाचता आली.

एकाच चित्रात अकरा वेळा स्वतःला काढायची युक्ती मात्र तिची नाही. ती तिला अजिंठ्यानं दिली. खोलीतल्या चौघी एका रविवारी अजिंठ्याला गेल्या होत्या. छत्रपती संभाजीनगरपासून ते साधारण शंभर किलोमीटर. सतराव्या लेण्यात भिंतभर जातककथा रंगवलेल्या आहेत. तिथं एकाच गोष्टीतला माणूस एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो. इथं घरी, तिथं प्रवासात, पुढं लढाईत. आपल्या चित्रमालेसारख्या चौकटी नाहीत, सगळं एकात एक मिसळलेलं. आपण डोळ्यांनी चालत जायचं. ताईला वाटलं, घर सोडून आलेल्या माणसाचंही असंच असतं. घरातली मीही मीच, एसटीतली मीही मीच, आणि पिशवीवर बसलेलीही मीच. एकीला पुसून दुसरी काढायची नसते.

रंगांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी तांबडा आणि पिवळा रंग मातीतून घेतला, म्हणजे गेरू आणि पिवळी माती. काळा दिव्याच्या काजळीतून. हिरवा एका हिरव्या दगडापासून. हे सगळं आसपासचं. पण निळा? तो ज्या दगडापासून करत, त्याच्या खाणी पार अफगाणिस्तानात. दीड हजार वर्षांपूर्वी तो निळा दगड व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आपल्या डोंगरापर्यंत पोचला आणि आपल्या मातीच्या रंगांशेजारी बसला. ताईनंही तसंच केलं. गेरू घरून नेला, तुळशीवृंदावन रंगवायला आजीनं आणलेला. काजळी दिव्याची. पिवळ्यासाठी तिनं आधी हळद वापरली, पण खिडकीतल्या उन्हानं आठ दिवसांत ती उडून गेली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे ध्यानात ठेवा. मग पिवळी माती आणली. निळ्याची बाटली मात्र शहरातल्या दुकानातली.

"आणि ती नदीतून निघालेली निळी रेघ?" मी विचारलं.

"गोदावरी ओलांडली, की आपलं सगळं संपलं असं मला वाटायचं. म्हणून नदी एवढी मोठी काढली. नंतर एकदा ध्यानात आलं, की हेच पाणी पैठणहून कालव्यानं आपल्या माजलगावला येतं. मग ती रेघ काढली."

परतीच्या गाडीत मला आपल्याच महाराष्ट्रातल्या एका चित्रकाराची आठवण झाली. प्रभाकर पाचपुते हे त्यांचं नाव. जन्म १९८६ चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचा. सास्ती म्हणजे कोळशाच्या खाणींचं गाव, आणि त्यांच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खाणीत काम करत आलेली. ते छत्तीसगडमधल्या खैरागडच्या विद्यापीठात शिल्पकला शिकले, नंतर बडोद्याच्या विद्यापीठात गेले. एवढ्या लांब जाऊन त्यांनी हातात काय धरलं? कोळसाच! कोळशानं ते भिंतीच्या भिंती भरून चित्रं काढतात. खाण, खाणीत राबणारी माणसं, खणून निघालेली जमीन. 'आर्टेस मुंडी' हा वेल्समधला मोठा कलापुरस्कार २०२१ साली सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यात ते एक होते. गावाकडचा कोळसा त्यांना लपवावा लागला नाही. तीच त्यांची ओळख झाली. आमच्या ताईचा कुर्डू तसाच नाही का?

सोमवारी मी वर्गात सगळं सांगितलं. मुलं चित्रापुढं गोळा झाली आणि ठिपके मोजायला लागली. तिसरीतली ती मुलगी मात्र मोजत नव्हती. तिनं विचारलं, "परभणीच्या ताईला बी रडू यायचं?" हो म्हटल्यावर ती आपल्या जागेवर जाऊन बसली. दिवाळीनंतर तिचे आईवडील गेले. त्या दिवशी ती शाळेत आली नाही. दुसऱ्या दिवशी आली आणि पाटीवर खडूनं एक ठिपका काढून मला दाखवला. कशाचा ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आता थोडं तुमच्या आईबाबांशी बोलते. पोर शिकायला बाहेर गेलं, की आपण फोनवर दोनच गोष्टी विचारतो, "जेवलास का?" आणि "कधी येतोस?" विचाराव्यातच. पण एक तिसरंही विचारत जा, "आज नवीन काय ओळखीचं झालं?" पहिल्या महिन्यात उत्तर येणार नाही. तरी विचारा.

आणि मुलांनो, तुमच्यापैकी कुणी पाचवीला दुसऱ्या शाळेत जाईल, कुणी आश्रमशाळेत, कुणी नवोदयला, कुणी पुढं विद्यापीठात. एक लांब कागद घ्या, जुन्या कॅलेंडरची मागची बाजूही चालेल. अंगणातला गेरू घ्या, दिव्याची काजळी घ्या. डावीकडं घर काढा, उजवीकडं नवी जागा. दोन्हीकडं स्वतःला काढा. आणि किनारीसाठी जागा ठेवायला विसरू नका.